देवासाठी अणूची साक्ष नको

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजेश्वराची कावड असते. पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन रात्रभर चालत येतात, आणि मंगळवारी तीच पोरं सुजलेल्या खांद्यांनी रसायनशास्त्राच्या तासाला बसतात. मी अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयाला रसायनशास्त्र शिकवलं. अणुरचनेचा धडा बहुतेक वर्षी याच दिवसांत येई, आणि एक प्रश्न कुणी ना कुणी विचारीच. "मॅडम, देव दिसत नाही म्हून शिकलेले लोक मानत नाहीत. मंग अणू कोनं पाह्यला? त्याले कायले मानाचं?"

प्रश्न मोठा आहे. विचारणाऱ्याला ठाऊक नसतं, पण आपल्या दर्शनांत ज्याला प्रमाणविचार म्हणतात तो नेमका इथूनच सुरू होतो. एखादी गोष्ट आहे असं आपण कशाच्या बळावर म्हणतो? डोळ्यांनी पाहिली म्हणून, अनुमान केलं म्हणून, की विश्वासाच्या माणसानं सांगितलं म्हणून? अणू आणि देव दोघेही नजरेच्या टप्प्याबाहेर आहेत, एवढ्यावरून दोघांना एकच न्याय लावायचा का? लावू नये असं माझं मत आहे. लावला तर नुकसान दोघांचं होतं, आणि देवाचं जास्त होतं. मी देवाधर्माच्या घरातली आहे, आजही माझी श्रद्धा शाबूत आहे, म्हणून हे जिवाला लागून बोलते.

घाईचं उत्तर असं की अणू आता दिसतो. १९८१ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी एक सूक्ष्मदर्शक तयार केला. त्याच्या चित्रांत अणूंच्या ओळीच्या ओळी दिसतात. मुलं मोबाइलवर ती चित्रं काढून दाखवतात. पण त्या यंत्रात भिंग नाही, प्रकाशही नाही. धातूची एक सुई, टोकाशी जवळपास एका अणूइतकी निमुळती, पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवतात. मधलं अंतर किंचित कमी झालं की वाहणारा विद्युतप्रवाह एकदम वाढतो, किंचित वाढलं की पडतो. या चढउताराचं यंत्र चित्र करतं. म्हणजे तिथंही अणू कुणी पाहिलेला नाही, तो चाचपला आहे.

आता चाचपून जाणणं हे कमी प्रतीचं जाणणं, असं आमच्या भागात तरी कुणी म्हणू नये. माझं माहेर चांदूर बाजार तालुक्यातलं, गुलाबराव महाराजांच्या माधानपासून जवळचं. महाराज १८८१ साली लोणी टाकळीत जन्मले. वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. पुढे इतरांनी ग्रंथ वाचून दाखवायचे, महाराजांनी ऐकायचे आणि स्वतःचं सांगून लिहवून घ्यायचं. अशा रीतीनं त्यांनी शंभरावर लहानमोठे ग्रंथ उभे केले. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही परामर्श घेतला. १९१५ मध्ये पुण्याला त्यांनी देह ठेवला तेव्हा वय अवघं चौतीस. त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. अक्षर कधीच न पाहिलेल्या माणसानं ग्रंथांवर ग्रंथ लिहिले, हे आमच्याकडे कुणालाच अशक्य वाटत नाही. मग न पाहिलेल्या वस्तूचं पक्कं ज्ञान होऊ शकतं, हे तरी अशक्य का वाटावं?

महाराजांच्या हयातीतच अणू उघडला. थॉमसनचा इलेक्ट्रॉन १८९७ चा, रदरफोर्डचं केंद्रक १९११ चं, बोरच्या कक्षा १९१३ च्या. मधे १९०९ साली मँचेस्टरला हान्स गायगर आणि विशीतला अर्नेस्ट मार्सडेन अंधाऱ्या खोलीत डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहत, आणि मग पडद्यावर उमटणारे बारीक लखलखाट एकेक करून मोजत. रेडियमसारख्या किरणोत्सारी पदार्थातून निघणारे अल्फा कण ते धातूच्या अतिशय पातळ वर्खावर सोडत होते. बहुतेक कण वर्ख नसल्यासारखे सरळ पार जात. काही थोडे वाकत. आणि काही हजारांत एखादा चक्क उलट फिरून मागे येई. या उलट फिरणाऱ्यांनी केंद्रकाची बातमी आणली. अणूचा जवळजवळ सगळा भार आणि सगळा धन विद्युतप्रभार मधोमध एका अतिशय लहान जागी गोळा झालेला असल्याशिवाय इतका जड आणि वेगवान कण मागे फिरूच शकत नाही, हे रदरफोर्डनं गणितानं दाखवलं.

हायड्रोजनचा अणू घ्या. त्याचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. तो ज्वारीच्या दाण्याएवढा धरून खळ्याच्या मधोमध ठेवला, तर अणूची हद्द शंभरेक मीटरवर जाते. जवळजवळ सगळं वजन मात्र त्या दाण्यात. बाहेरच्या इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या १८३६ व्या हिश्श्याएवढं.

एवढं सांगून झालं की मला दुसऱ्या एका प्रश्नाला सामोरं जावं लागे, आणि तो विद्यार्थ्यांचा नसे, पालकांचा असे. गावात सप्ताह बसलेला असतो, प्रवचनात कुणीतरी सांगितलेलं असतं की अणू आतून जवळजवळ सगळा पोकळ आहे, म्हणजे जग पोकळ आहे, म्हणजे विज्ञानानं माया सिद्ध केली. सांगणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हे खरं नाही, आणि ऐकणारा भाविक असतो म्हणूनच ते खरं नाही हे सांगायला हवं.

पहिली गोष्ट, ती जागा रिकामी नाही. सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे केंद्रकाभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन आपण पुस्तकात काढतो, के, एल, एम अशी कवचं आखतो, त्यांत दोन, आठ, अठरा असा हिशेब बसवतो. हिशेबासाठी ते चित्र उपयोगी आहे. पण १९२६ मध्ये श्रोडिंजरनं समीकरण मांडलं तेव्हापासून इलेक्ट्रॉनला ठरीव वाट नाही हे आपल्याला कळलं आहे. त्याची तरंगरूप शक्यता केंद्रकाभोवतीची ती सगळी जागा व्यापून असते. राजेश्वराच्या गाभाऱ्याच्या दगडावर हात ठेवला तर हात अडतो. त्याचं अडणं हा भ्रम नाही. तो का अडतो याचं कारण आज सांगता येतं, एवढंच. कारण सापडलं म्हणून वस्तू खोटी ठरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शंकराचार्यांनी माया ही पोकळीच्या मापावरून काढलेली नाही. दगड आतून गच्च भरलेला निघाला असता तरी त्यांचं म्हणणं तसूभर हललं नसतं. इतकंच नाही, ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात त्यांनी कणादांच्या परमाणुवादाचं सविस्तर खंडन केलं आहे. जो वक्ता एका श्वासात कणादांचा परमाणू आणि आचार्यांची माया या दोन्हींना रदरफोर्डची मोहोर लावतो, त्यानं आपल्याच परंपरेतलं हे भांडण वाचलेलं नसतं.

आणि काय सुंदर भांडण आहे ते! कणादांचे अनुयायी, म्हणजे वैशेषिक, म्हणाले, वस्तूचे तुकडे करत गेलं तर कुठंतरी थांबावंच लागेल. थांबलं नाही तर मोहरीत अनंत तुकडे आणि मेरूतही अनंत, मग मोहरी आणि मेरू सारखेच का नाहीत? म्हणून ज्याचा तुकडा पडत नाही असा परमाणू मानला. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि हे त्र्यणुक म्हणजे झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात दिसणारा धुळीचा कण. यावर बौद्ध आचार्य वसुबंधूंनी विचारलं, तुमचा परमाणू सहा बाजूंनी सहा परमाणूंना चिकटतो ना? मग त्याला सहा बाजू झाल्या, म्हणजे भाग झाले. बाजूच नाहीत म्हणाल, तर सगळे एकाच ठिकाणी मावतील आणि कितीही जोडले तरी वस्तू मोठी होणारच नाही. शंकराचार्यांनी विचारलं, प्रलयानंतर निपचित पडलेल्या परमाणूंना पहिला धक्का कोण देतो? वैशेषिकांचं उत्तर होतं अदृष्ट, जीवांच्या कर्माचा न दिसणारा साठा. आचार्य म्हणाले, अदृष्ट तर अचेतन, ते कुणाला कसं हलवणार?

हे सगळं मी बारावीच्या मुलांना सांगत असे; अभ्यासक्रमात नव्हतं तरी. आपल्या पूर्वजांना अणू ठाऊक होता का, याचं हो किंवा नाही असं उत्तर त्यांना नकोसं व्हावं, असं मला वाटे. त्यांनी जो वाद घातला त्याची धार मुलांच्या हाताला लागावी, हे मला मोलाचं वाटतं. उन्हातला धुळीचा कण सहा परमाणूंचा, हा अंदाज मापाच्या दृष्टीनं टिकत नाही. डोळ्याला दिसणाऱ्या लहानशा कणातही लाखो कोटी अणू असतात. पण कणादांच्या परंपरेला धुळीचं वजन करायचंच नव्हतं. त्यांच्या शास्त्राचा हेतू निःश्रेयस हा होता. काय नित्य, काय अनित्य, आत्मा कशाहून वेगळा, हे नीट कळलं तर माणूस सुटतो, यासाठी ती सगळी मांडामांड.

जैनांच्या बाबतीत हे आणखी स्वच्छ दिसतं, आणि त्याचा एक मोठा धागा आमच्या वऱ्हाडातून जातो. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढच्या विदर्भ महाविद्यालयात, डॉ. हिरालाल जैन संस्कृतचे प्राध्यापक होते. कारंज्याच्या जैन भांडारांतल्या हस्तलिखितांवर त्यांनी काम केलं, तिथले अपभ्रंश ग्रंथ संपादून छापले. मग त्यांनी षट्खंडागम हा दिगंबरांचा प्राचीन आगम वीरसेनाचार्यांच्या नवव्या शतकातल्या धवला टीकेसह संपादायला घेतला. मूळ ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला, जुन्या कन्नड लिपीत. शतकानुशतकं ती पूजेत होती, वाचनात नव्हती. हाती होत्या त्या नकलांवरून पाठ लावत, हिंदी भाषांतरासह पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. पुढे ताडपत्रांशी ताडून पाहत, जवळपास वीस वर्षांनी सोळा भागांत काम पुरं झालं. अमरावतीत अंबादेवीच्या दर्शनाला येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? जैन विद्येच्या जगात मात्र या शहराचं नाव या ग्रंथासाठी घेतलं जातं.

त्या ग्रंथातल्या वर्गणाखंडात एका परमाणूपासून सुरुवात करून पुद्गलाच्या, म्हणजे जड द्रव्याच्या, राशी चढत्या क्रमानं लावल्या आहेत: दोनांची, तिनांची, संख्यातांची, असंख्यातांची, अनंतांची. जैन मतात पृथ्वीचे परमाणू वेगळे, पाण्याचे वेगळे, असं वैशेषिकांसारखं नाही. परमाणूची जात एकच. स्निग्धपणा आणि रूक्षपणा यांमुळे ते बांधले जातात, आणि उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात या बंधाचे अंशांनुसार नियमसुद्धा दिले आहेत. इथं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणाचंही मन झेप घेतं: धन आणि ऋण प्रभार, संयुजा, बंध! माझंही घेतं. पण मी तिथंच थांबते. कारण ग्रंथ पुढं कुठं जातो ते पाहायला हवं. तो क्षारांकडे आणि आम्लांकडे जात नाही, तो कर्माकडे जातो. कर्म हेही पुद्गलच, अतिसूक्ष्म, आणि राग-द्वेषानं ते जीवाला बांधलं जातं. मी कशानं बांधला गेलो आहे आणि कसा सुटेन, हा त्याचा प्रश्न. मीठ पाण्यात का विरघळतं हा माझ्या तासाचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर बसवलं की वीरसेनाचार्यांचा ग्रंथ जुन्या, अर्धवट रसायनशास्त्राचं पुस्तक होऊन बसतो. एवढ्या तपानं जपलेल्या ग्रंथाला यापेक्षा हलकी वागणूक कोणती?

आता कावडीवाल्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. अणू कायले मानाचा? मी त्याला दुधाचा थेंब पाण्यात पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असे. स्निग्धाचे बारीक गोळे दिसतात, आणि ते क्षणभरही स्वस्थ नसतात. जागच्या जागी थरथरतात, इकडून तिकडे ढकलले जातात. रॉबर्ट ब्राउननं परागांतल्या कणांची अशी हालचाल १८२७ मध्ये टिपली. १९०५ मध्ये आइनस्टाइननं सांगितलं की पाण्याचे न दिसणारे रेणू चहूकडून धडकत असतील तर थरथर किती असावी याचा आकडा काढता येतो. पॅरिसला जाँ पेरँनं राळेचे कण वर्षानुवर्षं मोजले आणि आकडा जुळला. एका मोलमध्ये कण किती, हे त्यानं अनेक वेगवेगळ्या वाटांनी काढलं, आणि सगळ्या वाटा एकाच संख्येच्या आसपास येऊन मिळाल्या. आज आपण ती ६.०२२ × १०²³ लिहितो. तोवर ऑस्टवाल्डसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ अणू ही नुसती सोयीची कल्पना आहे असं ठासून सांगत होता. या पुराव्यानंतर त्यानं आपलं मत उघडपणे बदललं.

म्हणून मी त्या मुलाला सांगायची की बाबा, तू अणू मानूच नकोस. शंका घे. शंका घेणाऱ्याला अणू स्वतः उत्तर देतो, आणि हिंदूला एक, मुसलमानाला दुसरं, नास्तिकाला तिसरं असं देत नाही. उद्या वेगळं उत्तर मिळालं तर पुस्तक बदलावं लागतं, आणि पुस्तक आजवर अनेकदा बदललं आहे. देवाशी आपण असं वागतो का? राजेश्वरापर्यंत पाणी नेताना तू काही पडताळून पाहत होतास का? पोरं यावर गप्प होत. काही जण पुढचे कितीतरी दिवस त्यावर बोलत राहत.

माझी आई वारकरी. रोज हरिपाठ, एकादशी, वय होईतो पंढरीची वारी. एकदा मी तिला प्रवचनातलंच आणखी एक सांगितलं, की प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, असं लोक म्हणतात. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अव बाई, देवाले कोनाच्या तराजूत काहून बसोता? तुह्या पुस्तकानं उद्या शब्द फिरोला, तं मी का पंढरीले जाचं सोडू?"

पुस्तकानं शब्द फिरवलेलाच आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे मूळ कण नाहीत, ते क्वार्कांचे बनलेले आहेत. कल्पना १९६४ मध्ये आली, प्रयोगातला पुरावा १९६८ पासून येऊ लागला. मग त्या त्रिमूर्तीचं काय करायचं? याहून मोठा दाखला ईथरचा आहे. गुलाबराव महाराजांच्या तरुणपणी सगळं विश्व ईथर नावाच्या द्रव्यानं भरलेलं आहे आणि प्रकाश त्यातून जातो, हे पक्कं विज्ञान समजलं जाई. आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी तेव्हा मोठ्या आनंदानं लिहिलं की ईथर म्हणजेच आपलं आकाशतत्त्व. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ले यांना ईथरचा पत्ता लागला नव्हताच. १९०५ नंतर विज्ञानानं ते हळूहळू सोडूनच दिलं. आकाशतत्त्व मात्र होतं तिथंच आहे, कारण ते ईथर कधी नव्हतंच. ज्यांनी दोन्हींची गाठ मारली होती त्यांचीच अडचण झाली. आज पुन्हा तशीच गाठ मारताना लोक दिसतात, कधी क्वांटम म्हणून, कधी ऊर्जा म्हणून, आणि मला काळजी वाटते. भोळ्या माणसाच्या श्रद्धेला ते असा टेकू देतात, जो पुढच्या पिढीचा एखादा प्रयोग काढून घेईल.

याचा अर्थ दर्शनं आणि अणुविज्ञान यांनी एकमेकांशी बोलूच नये असा नाही. बोलावं, पण विरोध असेल तिथंही बोलावं. मला यातली सर्वांत मोलाची जागा वाटते ती विशेषाची. वैशेषिक म्हणतात, एकाच जातीचे दोन परमाणू गुणांनी अगदी सारखे असले तरी प्रत्येकात एक अंत्य विशेष असतो, त्यामुळे हा तो नव्हे. साध्या माणसाला तो कळत नाही, योग्याला कळतो. इलेक्ट्रॉन याच्या अगदी उलट साक्ष देतो. दोन इलेक्ट्रॉनांत हा आणि तो असा भेद कुठल्याच पातळीवर नाही. त्यांची अदलाबदल झाली तर जगात काहीच वेगळं घडलेलं नसतं. आणि हा भेद नसण्यातूनच १९२५ चा पाउलीचा नियम समजतो, की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. कवचांतले दोन, आठ, अठरा इथूनच येतात. सोडियम सोडियमसारखा आणि क्लोरीन क्लोरीनसारखा वागतो तो यामुळे. १९६७ मध्ये डायसन आणि लेनर्ड यांनी गणितानं दाखवलं की हा नियम नसता तर वस्तू अशा टिकूनच राहिल्या नसत्या. गाभाऱ्याच्या दगडावर हात अडतो त्यामागे हेही आहे.

तेव्हा परमाणूंपुरतं तरी वैशेषिकांचं हे म्हणणं आता धरून ठेवता येत नाही. पण त्यांनी विशेष फक्त परमाणूंना दिला नव्हता. मुक्त आत्म्यांनाही दिला होता. देह गेला, सुखदुःख गेलं, मग एक मुक्त आत्मा दुसऱ्याहून वेगळा कशानं? त्यांचं उत्तर, विशेषानं. वेदान्ती म्हणाले, वेगळेपण उरतच नाही. आणि माधानच्या गुलाबराव महाराजांनी स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून अद्वैताच्या आतही प्रेमासाठी जागा मागितली, त्यांच्या मधुराद्वैतात हाच प्रश्न धगधगतो आहे. इलेक्ट्रॉनची साक्ष इथं चालत नाही; तो आत्म्याबद्दल बरं बोलत नाही आणि वाईटही बोलत नाही. दोन मुक्तांत भेद उरतो की नाही, उरत नसेल तर भक्त कोण आणि भजायचं कुणाला, हा वाद ज्याचा त्यानं त्याच्याच मैदानात लढायचा आहे, आणि ज्या मुलांना पाउलीचा नियम नीट कळला होता त्यांनीच तो माझ्याशी सर्वांत जास्त वेळ घातला.